आधी शेण बघा, मग पेंड घाला

फाल्गुनात माळावरचं गवत वाळलं की जनावर दिवसभर चरून पोट भरून येतं, तरी बरगड्या मोजता येतात. वाळल्या गवतात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू मंदावतात, चारा पोटात पडून राहतो आणि जनावर खाणंच कमी करतं.

खूण शेणात दिसते. मऊ, पसरट पो पडला तर ठीक. कोरडं, थरावर थर रचल्यासारखं पडलं तर प्रथिनं कमी पडताहेत. अशा वेळी बरेच जण मक्याचा भरडा वाढवतात. नुसत्या भरड्यानं वाळला चारा उलट कमी पचतो. सरकी पेंड द्या, मोठ्या जनावराला रोज पाऊण ते एक किलो. रोज जमत नसेल तर दुप्पट करून दिवसाआड चालते. प्रथिनांसाठी चाऱ्यात युरिया घालत असाल तर तो मात्र असा दोन दिवसांचा एकदम कधीच देऊ नका, विषबाधा होते. पेंड फोडून हुंगा, कुबट वास आला तर परत करा. आणि माळ उघडा पडला असेल तर आधी कडबा. नुसत्या पेंडीनं भागत नाही.