पाढे पाठ, तरी विभाजक चुकतात? या चुका टाळा

पाढे घडाघडा म्हणणारं मूल पाचवीत विभाजकांपाशी, म्हणजे एखाद्या संख्येला पूर्ण भागणाऱ्या संख्यांपाशी, आलं की अडतं, आणि घरचे म्हणतात, गणितात कच्चं आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. पाढा एकाच दिशेने पाठ झालेला असतो.

ओळखायला सोपं आहे. मधूनच विचारा, "सात आठे?" मूल मनात "सात एके सात"पासून सुरुवात करत असेल, तर चाल पाठ आहे, पाढा नाही. पाठांतराला चाल लागतेच, पण पाढा बसल्यावर ती मुद्दाम मोडा. खालून वर म्हणून घ्या, मधलंच विचारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उलटं विचारा: "छत्तीस कोणाकोणाच्या पाढ्यात येतात?"

चार नवे छत्तीस, सहा सक छत्तीस, बारा त्रिक छत्तीस, अठरा दुणे छत्तीस. मूल ४, ६, ९, १२, १८ लिहितं आणि २ आणि ३ विसरतं. कारण बेचा पाढा विसावर थांबतो, तीनचा तिसावर. छत्तीस तिथे कधी ऐकलेलेच नसतात. म्हणून विभाजक नेहमी जोडीने लिहायला लावा: १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ आणि ६. दोन्ही संख्या सारख्या झाल्या की थांबायचं. त्या जुळल्या नाहीत, तर जोड्या उलटून परत येऊ लागल्या की थांबायचं. मग काही सुटत नाही.

जोड्यांची सवय पाढ्यांनाही हलकं करते. एक ते दहाच्या पाढ्यांत १०० उत्तरं दिसतात, पण सहा नवे आणि नऊ सक एकच धरले की ५५ उरतात. त्यातून १, २, ५ आणि १० चे पाढे काढा, उरतात फक्त २१. मुलाला हे दाखवा, त्याची निम्मी भीती तिथेच जाते.

"सात साते एकोणपन्नास" बरोबर म्हणून वहीत ५९ लिहिणारी मुलं खूप असतात. कानावर "पन्नास" पडतं, हात ५ लिहितो. तसंच चौसष्टचे ४६ होतात. अशा वेळी रागावू नका. आकड्यावर बोट ठेवून पाढा म्हणून घ्या. ४२ आणि ५६ च्या मध्ये ५९ कसे येतील, हे मूल स्वतःच पकडतं.

१ ला मूळ संख्या म्हणणं ही नेहमीची चूक. मूळ संख्येला नेमके दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे.

५१ आणि ९१ मात्र भल्याभल्यांना फसवतात, दिसतात अगदी मूळ संख्यांसारखे. ५१ ची अंकबेरीज ५ + १ = ६, तिला ३ ने भाग जातो, म्हणजे ५१ लाही जातो. ९१ ला ही युक्ती चालत नाही. तिथे तेराचा पाढाच कामी येतो: तेरा साते एक्याण्णव. दहापर्यंतचे पाढे पुरेत असं म्हणणाऱ्या पालकांनी वीसपर्यंत जाऊ द्यावं, ते यासाठीच.