मेक्सिकोची अभ्याससहल, सुरुवात कान्हेरीपासून

मी मुंबईत प्राचीन इतिहास शिकवते. विद्यार्थ्यांना माया संस्कृती दाखवायला नेणार असाल, तर तयारी बोरिवलीत सुरू करा. कान्हेरीच्या लेण्यांत प्रत्येकाला एकेका पोढीचं, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याचं, मोजमाप घ्यायला लावा, पावसाचं पाणी कातळातल्या चरांतून तिच्यात कसं उतरतं त्याची आकृती काढायला सांगा. मायांच्या प्रदेशात, म्हणजे मेक्सिकोच्या उत्तर युकातानात, चुनखडीमुळे पाणी जमिनीत मुरतं, वाहत्या नद्या जवळजवळ नाहीतच. म्हणून तिथल्या उश्माल या प्राचीन शहरातल्या माया लोकांनी जमिनीखाली टाक्या खोदल्या. तिथल्या भिंतींवर पर्जन्यदेव चाकचे इतके मुखवटे का, हे पोढी मोजलेल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. बाकीच्यांनी अर्ज लवकर करावा.

मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाला अख्खा दिवस द्या (सोमवारी बंद). एका गटाला एकच दालन. माया दालनात पाकाल राजाच्या थडग्याची प्रतिकृती आहे. मूळ थडगं पालेंके या प्राचीन माया शहरात १९५२ मध्ये सापडलं. युकातानातल्या चिचेन इत्सा या माया शहराच्या अवशेषांपाशी दार उघडतानाच पोचा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. पिरॅमिडवर चढायला बंदी आहे.

आणि वहीत ‘माया लोक नाहीसे झाले’ हे वाक्य दिसलं, तर खोडून टाका. युकातानातल्या मेरिदा शहराच्या बाजारात त्यांची भाषा आजही ऐकू येते. तिथे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पोळ्या जरूर खा. शाकाहारी मुलांनी मात्र घोटलेल्या घेवड्याबद्दल आधी विचारावं, त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते.