बल्क कूलरपासून पिशवीपर्यंत: सेन्सरच्या साहाय्याने दुधाचे तापमान आणि माग कसा ठेवावा

सन २००० च्या मार्च महिन्यात जपानमधील होक्काइदो बेटावर, तैकी येथे असलेल्या स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात काही तास वीज गेली. तेवढ्या वेळात यंत्रणेत अडकून राहिलेले दूध कोमट झाले, त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जिवाणू वाढले आणि त्यांनी विष तयार केले. पुढे तापवण्याच्या प्रक्रियेत जिवाणू मेले, पण विष उष्णतेला दाद न देता दुधाच्या भुकटीत तसेच राहिले. ती भुकटी ओसाकाच्या कारखान्यात वापरली गेली आणि त्या उन्हाळ्यात १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

आपल्याकडे वीज जाणे ही बातमी नसते, म्हणून दूध संकलनाचे काम करणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. दूध मधले चार तास गरम राहिले होते की नाही, हे नंतर ४ अंशांवर आलेल्या दुधाकडे पाहून कळत नाही. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले की सगळे निस्तरते, हा समजही खरा नाही. त्यामुळे तापमानाची नोंद ते घडत असतानाच व्हावी लागते, आणि ती नोंद नेमक्या कोणत्या दुधाची हेही सांगता यावे लागते. पुढील मार्गदर्शन गावातील संकलन केंद्र, तेथील सुमारे १,००० लिटरचा बल्क कूलर (दूध गार करून साठवणारी टाकी), टँकर आणि स्वतःची पिशवी भरणारी लहान डेअरी एवढी साखळी समोर ठेवून लिहिले आहे.

आधी लॉट ठरवा, सेन्सर नंतर घ्या

बहुतेक ठिकाणी काम उलट्या क्रमाने होते. सेन्सर बसतात, मोबाइलवर आलेख दिसू लागतो आणि सहा महिन्यांनी कोणी विचारले, की मंगळवारी विकलेल्या पिशवीतले दूध कोणाचे, तर आलेख पाहून काहीही सांगता येत नाही. द्राक्षाच्या पेटीवर बागेचा क्रमांक लिहिता येतो, पण दूध एकमेकांत मिसळते. सभासदाच्या, म्हणजे केंद्रावर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या, कॅनमधील दूध कूलरमध्ये ओतले, की त्याची स्वतंत्र ओळख संपते. म्हणून दुधाच्या बाबतीत मागोव्याचे एकक सभासद नसून टाकी असते. अधिक काटेकोरपणे सांगायचे, तर टाकीच्या एका धुलाईपासून दुसऱ्या धुलाईपर्यंत तिच्यात जे जे पडले, तो एक लॉट.

ही व्याख्या एकदा मान्य केली, की कामाची दिशा स्पष्ट होते. कागदावर दुधाचा प्रवास काढावा: वजनकाटा आणि फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ) तपासणी, कूलर, टँकरचा कप्पा, डेअरीचा सायलो (मोठी साठवण टाकी), पाश्चरायझर (दूध तापवून निर्जंतुक करणारे यंत्र), पिशवी भरण्याचे यंत्र. जिथे जिथे दूध एका भांड्यातून दुसऱ्यात जाते, तिथे तीन गोष्टींची नोंद हवी: कोणत्या भांड्यातून कोणत्या भांड्यात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि किती. सेन्सर यांपैकी वेळ, आणि त्याशिवाय तापमान, अचूक देतो. भांड्यांचे क्रमांक मात्र आपणच ठरवून, टिकाऊ रंगाने त्यांच्यावर लिहावे लागतात. हे काम स्वस्त आहे आणि बहुधा म्हणूनच राहून जाते.

सेन्सर कोठे बसवावा

कूलरच्या उत्पादकाने टाकीच्या तळाजवळ सेन्सरसाठी नळी दिलेली असते. शक्य तेथे तीच वापरावी. सेन्सर वरच्या बाजूला लावला, तर टाकी अर्धी असताना तो दुधाऐवजी हवेचे तापमान सांगतो. ढवळणारा पंखा बंद असेल, तर वरचे आणि खालचे दूध वेगवेगळ्या तापमानाचे असते, म्हणून पंखा चालू आहे की नाही हेही नोंदले गेले पाहिजे. त्यासाठी पंख्याच्या आणि कॉम्प्रेसरच्या वायरीवर चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर पुरेसा असतो; वायर कापावी लागत नाही. नुसत्या तापमानावरून दूध गरम होत आहे एवढेच कळते. करंटची नोंद जोडीला असली, की वीज गेली, कॉम्प्रेसर बिघडला की कोणी बटण सुरू करायला विसरले, हे तिथे न जाता कळते.

तापमानासाठी डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर स्वस्त आणि सहज मिळणारा आहे. उणे १० ते ८५ अंश या टप्प्यात त्याची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश असते. यापेक्षा काटेकोर मोजमाप हवे असेल, तर पीटी१०० प्रकारचा सेन्सर घ्यावा. दुधाला प्रत्यक्ष स्पर्श होणार असेल, तर वरचे आवरण अन्नासाठी योग्य अशा स्टेनलेस स्टीलचेच असावे आणि त्यावर खाच किंवा उघडा सांधा नसावा, कारण तेथे दुधाचा थर साचतो. सुरक्षिततेसाठी बसवलेल्या वस्तूनेच घाण धरून ठेवली, तर तिचा काय उपयोग?

विकत घेतलेला सेन्सर डबा फोडून थेट बसवू नये. थर्मासमध्ये स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा चुरा भरावा, तो बुडेल न बुडेल इतके थंड पाणी घालावे, सेन्सर मध्यभागी धरून अधूनमधून ढवळावे आणि आकडा स्थिर झाला की वाचावा. तो शून्याच्या अर्ध्या अंशात असला पाहिजे. उकळत्या पाण्याची चाचणीही करता येते, पण पुणे-कोल्हापूरच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, हे माहीत नसल्यामुळे चांगला सेन्सर चुकीचा ठरवला जातो. आपले काम ४ अंशांच्या आसपास असल्याने बर्फाची चाचणी अधिक महत्त्वाची. ती दर तीन महिन्यांनी करावी, तारखेसह वहीत लिहावी, आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून प्रमाणित केलेला एक थर्मामीटर पडताळणीसाठी वेगळा ठेवावा.

इशारा केव्हा वाजावा

सर्वाधिक विचार येथे करावा लागतो. "५ अंशांच्या वर गेले की इशारा" असा सरळ नियम लावला, तर यंत्र रोज सकाळी ओरडेल. संध्याकाळचे ६०० लिटर दूध ४ अंशांवर आहे आणि त्यात सकाळचे ४०० लिटर दूध ३४ अंशांवर येऊन पडले, तर गणिताने मिश्रण १६ अंशांवर जाते. प्रत्यक्षात ओतणे तास-दीड तास चालते आणि कूलर सुरू असतो, म्हणून चढ त्याहून कमी असतो. तरी तो असतोच. रोज खोटा वाजणारा इशारा आठवड्याभरात कोणीतरी बंद करून टाकतो, आणि तसे करणाऱ्याला दोष देता येत नाही.

म्हणून नियम तापमानाला वेळेची जोड देऊन करावा. अमेरिकेतील "ग्रेड ए" दुधाच्या नियमावलीत दोहन संपल्यापासून दोन तासांत दूध ७ अंशांवर यावे आणि नंतर नवे दूध मिसळताना मिश्रण १० अंशांच्या वर जाऊ नये, अशी अट आहे. ती गोठ्यावरच्या टाकीसाठी आहे, आपल्या संकलन केंद्राला जशीच्या तशी लागू पडत नाही. पण तिची रचना उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे तीन स्वतंत्र इशारे ठेवावेत. पहिला: संकलन संपल्यावर ठरावीक वेळेत दूध ४-५ अंशांवर आले नाही. हा वेळ आपल्या कूलरच्या क्षमतेनुसार ठरवावा. दोन आठवडे नुसत्या नोंदी घेतल्या, की यंत्र नीट चालताना किती वेळ घेते हे आपोआप दिसते. दुसरा: संकलन सुरू असताना मिश्रण १० अंशांच्या वर जाऊन अर्धा तास तेथेच राहिले. हा वारंवार वाजू लागला, तर दोष सेन्सरचा नसून कूलर अपुरा आहे, आणि दूध टाकीत पडण्यापूर्वीच गार करणारा प्लेट कूलर घेण्याचा विचार करावा लागेल. तिसरा इशारा शांततेचा: यंत्राकडून १५ मिनिटे काहीच संदेश आला नाही. वीज गेली, राउटर बंद पडला किंवा सिमचा रिचार्ज संपला, तर तापमानाचा इशारा येणारच नाही. ही शांतता ओळखण्याचे काम केंद्रातील यंत्राचे नसून दूरच्या सर्व्हरचे आहे, हे पुरवठादाराकडून नीट करून घ्यावे. केंद्रातील यंत्राला स्वतःची बॅटरी आणि मेमरी हवी, म्हणजे नेटवर्क परत आल्यावर मधल्या काळातील नोंदी मागाहून पोहोचतात.

इशारा कोणाला जाणार, हे नावानिशी भिंतीवर लिहिलेले असावे. प्रथम केंद्रचालक, दहा मिनिटांत त्याने उत्तर दिले नाही तर सचिव, त्यानंतर डेअरीचा पर्यवेक्षक. त्याखाली करायची कृती लिहावी: जनरेटर सुरू करणे, टँकर लवकर बोलावणे, दूध वेगळे ठेवून आम्लता, अल्कोहोल आणि एमबीआरटी (दुधात घातलेला निळा रंग किती वेळात जातो यावरून जिवाणू अजमावणारी) चाचणी करणे. मात्र चाचणी उत्तीर्ण झाली, की दूध निर्धास्त घ्यावे असे नाही. या चाचण्यांनी आंबटपणा आणि जिवाणूंची हालचाल कळते, तयार झालेले विष कळत नाही. किती अंशांवर किती तास राहिलेले दूध कोणत्याही परिस्थितीत नाकारायचे, ही मर्यादा आधीच, थंड डोक्याने ठरवावी. रात्री अकरा वाजता ८०० लिटर दुधाशेजारी उभे राहून ती ठरवता येत नाही.

नोंदी एकमेकींना जोडणे

तापमानाचा आलेख, संकलन केंद्रावरील संगणकाची सभासदनिहाय नोंद आणि टँकरचे चलन या तीन गोष्टी वेळेच्या धाग्यानेच जुळतात, म्हणून तिन्ही घड्याळे सारखी असणे आवश्यक आहे. मी पाहिलेल्या एका केंद्रावर संकलनाच्या संगणकाचे घड्याळ ४० मिनिटे पुढे होते. कागदोपत्री तेथे टँकर निघून गेल्यावरही सभासद दूध घालत होते. सेन्सरचे यंत्र इंटरनेटवरून वेळ घेते; संगणकालाही तशीच सोय करावी, आणि ती नसेल तर दर सोमवारी घड्याळ मिळवून तशी सही करावी.

लॉटची सीमा ठरवण्यासाठी सेन्सर एक काम फुकट करतो. टाकी गरम पाण्याने धुतली जाते, तेव्हा आलेखात ४ अंशांवरून एकदम उंच सुळका उठतो. हा सुळका म्हणजे जुना लॉट संपल्याची खूण आणि धुलाई खरोखर गरम पाण्याने झाल्याचा पुरावा. सुळका ३५ अंशांपर्यंतच गेला असेल, तर गीझर बंद होता. सुळका दिसलाच नाही, तर टाकी धुतलीच गेली नाही, आणि मग दोन्ही दिवसांचे दूध एकच लॉट धरावे लागते. लॉटला क्रमांक देताना केंद्राचा क्रमांक, टाकीचा क्रमांक आणि धुलाईची तारीख-वेळ एवढे पुरते.

टँकरमध्ये प्रत्येक कप्प्याचे तापमान, वाहनाचे स्थान आणि झाकण व व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ नोंदली जावी. कोणत्या केंद्राचे दूध कोणत्या कप्प्यात गेले, हे चालकाने मोबाइलवर दोन क्यूआर कोड स्कॅन करून नोंदवावे, एक कूलरवरचा आणि एक कप्प्यावरचा; लिहिण्यावर विसंबू नये. डेअरीत सायलो भरण्याची आणि रिकामा होण्याची वेळ, पाश्चरायझरचे तापमान आणि पिशवीवर छापला जाणारा बॅच क्रमांक जोडला, की साखळी पूर्ण होते. सायलो पूर्ण रिकामा न करता वरून नवे दूध घेतले, तर लॉट फुगत जातो. परत बोलावण्याची वेळ आली, तर एका टँकरऐवजी आठवड्याचा माल परत आणावा लागेल, हा हिशेब व्यवस्थापनापुढे ठेवला, की दिवसातून एकदा सायलो रिकामा करण्याची शिस्त लवकर लागते.

प्रमाणाचा ताळाही घालावा. केंद्रे बहुधा लिटरमध्ये मोजतात आणि डेअरी किलोमध्ये तोलते. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. हा फरक न धरल्यामुळे चोरीचे आरोप झालेले आहेत, आणि फरक धरूनही ताळा जमत नसेल तर झाकण उघडल्याच्या नोंदी काढून पाहाव्यात.

जे सेन्सरला कळत नाही

प्रतिजैविकांचे अवशेष, युरिया, अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीजन्य विष, यांपैकी काहीही तापमानाच्या आलेखात दिसत नाही. अफ्लाटॉक्सिन एम१ ची भारतातील मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे आणि त्याचे मूळ बुरशी लागलेल्या पेंडीत असते. त्यासाठी पट्टी चाचण्या आणि प्रयोगशाळा लागतात. माग मात्र तेथे उपयोगी पडतो. प्रत्येक लॉटचा नमुना, आणि शक्य तेथे सभासदांचे नमुने, लेबल लावून थंड ठेवले असतील, तर टँकरमध्ये दोष सापडल्यावर केंद्र, आणि केंद्रातून गोठा, असे मागे जाता येते. नमुने नसतील, तर मागोवा "या १४० सभासदांपैकी कोणीतरी" एवढ्यावरच थांबतो.

उलटतपासणी

दर तीन महिन्यांनी, कोणालाही आधी न सांगता, दुकानातून एक पिशवी आणावी आणि तिच्या बॅच क्रमांकावरून सायलो, टँकरचा कप्पा, कूलर, सभासदांची यादी आणि त्या सर्व वेळचे तापमान काढण्यास सांगावे. दुसऱ्या दिवशी उलट दिशेने जावे: एका सभासदाचा क्रमांक घ्यावा आणि त्याचे गुरुवार सकाळचे दूध कोणकोणत्या दुकानांत गेले ते विचारावे. दोन्ही वेळा घड्याळ लावावे. उत्तर मिळण्यास किती तास लागले आणि कोणत्या ठिकाणी एखाद्या माणसाला फोन करून विचारावे लागले, या दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिल्या खेपेला फोन बहुधा टँकर चालकालाच जातो, कारण कप्प्याचा क्यूआर कोड पावसात पुसला गेलेला असतो. तो छापील कागदावर न ठेवता धातूच्या पट्टीवर कोरून घ्यावा.