व्हिक्टोरियाच्या काळातल्या अनोळखी डॉक्टरचा माग कसा काढावा

जुन्या छावणीतल्या दफनभूमीत एखाद्या दगडावर आडनाव आणि 'सर्जन' एवढंच वाचता येतं. कधी एकोणिसाव्या शतकातल्या साथीच्या अहवालाखाली अशाच कुणा इंग्रज डॉक्टरची सही भेटते. हा माणूस कोण, कुठला, त्याच्या घरी कोण होतं, हे शोधता येतं आणि त्यातलं पुष्कळसं घरबसल्या. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेची त्या काळातली पानं बहुतांश टिकली आहेत आणि आता ती संगणकावर पाहता येतात.

एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळा. एकट्या नावाच्या मागे लागू नका, घर धरा. जॉन स्मिथ नावाचे डॉक्टर ढिगाने निघतील. पण ज्याची बायको अमुक गावची, सासू घरातच राहणारी आणि भाऊ चित्रकार, असा डॉक्टर एकच असतो.

सरावासाठी ज्याचा जीवनक्रम आधीच माहीत आहे असा माणूस घ्या, म्हणजे आपली वाट बरोबर आहे का ते पडताळता येतं. मी हेन्री व्हॅन्डाइक कार्टर सुचवेन. 1858 साली निघालेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या हेन्री ग्रेच्या शरीररचनेवरच्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं त्याची. पण नाव राहिलं ते ग्रेचं. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला. आपल्या मातीत इतकी वर्षं काढलेल्या या माणसाचं नाव साताऱ्यातसुद्धा फारसं कुणाला माहीत नसावं, याची मला खरोखर खंत वाटते.

आधी पदवी

डॉक्टरच्या बाबतीत सर्वांत भरवशाची खूण म्हणजे नावापुढची पदवी. 1858 च्या मेडिकल अ‍ॅक्टनंतर, 1859 पासून, 'मेडिकल रजिस्टर' छापलं जाऊ लागलं. त्यात नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि पदव्या मिळतात. त्याच्या आधीच्या काळासाठी 'मेडिकल डिरेक्टरी' पाहा. ती 1845 मध्ये लंडनपुरती सुरू झाली. तिच्यात नेमणुका आणि प्रसिद्ध झालेले लेखही असतात, पण ही माहिती डॉक्टरांनी स्वतः कळवलेली, त्यामुळे थोडी पारखून घ्या.

'एमआरसीएस' आणि 'एलएसए' ही जोडी वारंवार दिसेल. पहिली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची, दुसरी सोसायटी ऑफ अपॉथेकरीजची, म्हणजे औषधं देणाऱ्यांच्या संघाची. 1815 च्या कायद्याने एलएसएसाठी 5 वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. म्हणून आपला डॉक्टर सोळा-सतरा वर्षांचा असताना आईबापांच्या घरी सापडला नाही, तर दुसऱ्या गावातल्या एखाद्या सर्जनच्या घरात 'अप्रेंटिस' म्हणून शोधा. त्या सर्जनचं नाव मिळालं की पुढे भागीदारी कुणाशी झाली, लग्न कुणाच्या मुलीशी झालं, याचेही धागे कधीकधी तिथूनच निघतात. भागीदारी मोडल्याच्या सूचना 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात छापून येत. ते मोफत चाळता येतं.

मग जनगणना

जनगणना म्हणजे एका रविवारच्या रात्रीची नोंद. त्या रात्री जो ज्या छताखाली, त्याची नोंद तिथे. 1841 (6 जून) आणि 1851 (30 मार्च) यांत मोठा फरक आहे. 1841 मध्ये नातं लिहिलेलं नाही, जन्मगाव नाही, फक्त 'याच परगण्यात जन्म झाला का' याचं हो-नाही. पंधरा वर्षांवरच्यांची वयं तर साधारणपणे पाचच्या पटीत खाली आणलेली; 34 वर्षांचा माणूस 30 चा दिसतो. 1851 पासून घरप्रमुखाशी नातं, वय, विवाहित की नाही, धंदा आणि जन्माचं गाव असे रकाने आले. त्यामुळे सुरुवात 1851 किंवा नंतरच्या जनगणनेपासून करा आणि मग मागे जा. 1881 ची इंग्लंड-वेल्सची पूर्ण सूची 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर मोफत आहे. हात बसवायला ती उत्तम.

पान उघडलं की डॉक्टरच्या ओळीवर थांबू नका. धंद्याच्या रकान्यात पदवी लिहिलेली असते. ती रजिस्टरशी ताडून पाहा. घरात 'मदर-इन-लॉ' असेल तर बायकोचं माहेरचं आडनाव आयतंच मिळालं. मुलांची जन्मगावं क्रमाने वाचली की डॉक्टरने कुठे कुठे बस्तान हलवलं ते कळतं. आणि पहिल्याच ओळीत 'वाइफ' असेल, घरप्रमुख नसेलच, तर त्या रात्री डॉक्टर बाहेरगावी होता. त्याला दुसऱ्या परगण्यात, भावाबहिणीच्या घरी किंवा हॉटेलात शोधा.

शोधयंत्राला नाव सापडलं नाही म्हणजे माणूस नव्हता असं नव्हे. 1901 पर्यंतची जी पानं आपण पाहतो ती प्रगणकाने घरोघरच्या फॉर्मवरून उतरवून काढलेली आणि त्यावरून आजच्या लोकांनी पुन्हा टंकलेली. दोन वेळा नक्कल झाली की 'कार्टर'चा 'गार्टर' होऊ शकतो. अशा वेळी आडनाव सोडून द्या. पहिलं नाव, वय, जन्मगाव आणि धंदा एवढंच घालून शोधा. सापडलं की पानाचा संदर्भ लगेच टिपून ठेवा. 1841 आणि 1851 साठी तो 'एचओ 107' ने सुरू होतो, 1861 साठी 'आरजी 9', 1871 साठी 'आरजी 10' असा पुढे. त्यासोबत फोलिओचा (म्हणजे वहीतल्या कागदाचा) आणि पानाचा आकडा. नुसता स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी काही सांगत नाही.

आयर्लंडचा डॉक्टर असेल तर अवघड आहे. तिथल्या 1901 च्या आधीच्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. काही सरकारने नष्ट केल्या, बाकीच्या 1922 मध्ये डब्लिनच्या दफ्तरखान्याला लागलेल्या आगीत.

जन्म, लग्न, मृत्यू

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. कार्टरचा जन्म 22 मे 1831 चा, हल शहरातला. त्याचा जन्मदाखला मिळणार नाही, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद शोधावी लागेल. तो वारला 4 मे 1897 ला, स्कारबरोमध्ये. त्या काळच्या सरकारी नोंदणीच्या सूचीत महिने नसतात, तिमाही असते. म्हणून त्याला स्कारबरो जिल्ह्याच्या एप्रिल ते जून या तिमाहीत पाहायचं. इंग्लंड-वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीच्या, ऑनलाइन सूचीत 1837 पासूनच्या जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनाव आहे. भावंडं एकत्र गोळा करायला यासारखं साधन नाही.

दाखल्यांमध्ये पैसे खर्चायचेच असतील तर आधी लग्नाच्या दाखल्यावर खर्चा. त्यात दोन्ही वडिलांची नावं आणि धंदे असतात. मुलांची मधली नावंही पाहा, बऱ्याचदा ती आजोळची आडनावं असतात. पण आंधळेपणाने नको: कार्टरचं 'व्हॅन्डाइक' आजोळचं नव्हे, बाप चित्रकार, त्याने मुलाला थोर फ्लेमिश चित्रकाराचं नाव दिलं.

मृत्युपत्रांसाठी जानेवारी 1858 पासूनची देशभराची एकच वार्षिक यादी आहे: मृत्यूची तारीख, गाव, मालमत्तेची किंमत आणि व्यवस्था पाहणाऱ्यांची नावं. मृत्युलेखासाठी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' पाहा. त्याचे 1840 पासूनचे अंक मोफत वाचता येतात.

जनगणनेत नाहीच, तर?

1861 ला कार्टर मुंबईत होता, 1871 ला साताऱ्यात. त्या दोन्ही वर्षांच्या ब्रिटिश जनगणनेत तो मिळायचा नाही. सलग वीस वर्षं डॉक्टर गायब दिसला की हिंदुस्थानची शक्यता धराच. तिथल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत आणि मुंबई इलाख्याची मालिका 'एन/3' या खुणेखाली आहे. 'फिबिस' या संस्थेच्या संकेतस्थळावर अशा कुटुंबांची सूची मोफत शोधता येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांचे कागदही याच दफ्तरात आहेत. त्यांत बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, म्हणजे 1837 पूर्वीच्या जन्माचा पुरावा इथे हाती लागू शकतो.

यापुढचं काम मात्र इथेच राहणाऱ्याला जास्त सोपं. डॉक्टरची बदली, रजा, दवाखान्याचा खर्च, साथीतला पत्रव्यवहार हे मुंबई सरकारच्या दफ्तरात आहे आणि ते दफ्तर काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहे. जाण्याआधी वर्षं आणि जिल्हा पक्का करून घ्या, म्हणजे कोणत्या सालचे खंड मागायचे ते तिथे सांगता येईल. इंग्लंडमधल्या त्या डॉक्टरच्या वंशजांना हे कागद पाहायला समुद्र ओलांडावा लागतो. आपल्याला चर्चगेटला उतरून चालत जाता येतं.