शाळेचा किंवा बोर्डाचा निर्णय मान्य नाही? दिव्यांग मुलांच्या पालकांनो, या चुका टाळा

तोंडी नकार ऐकून घरी जाऊ नका. नागपुरातल्या पालकांसोबत कार्यालयांच्या पायऱ्या चढताना मी ही चूक इतक्यांदा पाहिली आहे, की आता राग येतो.

मानेवाड्याच्या एका आईला एप्रिलमध्ये शाळेनं सांगितलं, "हिला विशेष शाळेत टाका, आमच्यानं होणार नाही." मुलगी नऊ वर्षांची. आईनं ठरवलं, शाळा उघडली की बोलू. विदर्भात शाळा उघडते जूनअखेर, म्हणजे अख्खा उन्हाळा गेला. खाकी कव्हरं घातलेल्या वह्या घेऊन मुलगी वर्गात गेली, तर हजेरीपटावर नावच नाही. शाळा म्हणाली, "तुम्हीच नाव काढायला सांगितलं." तक्रार करायला गेलो, तर पहिला प्रश्न आला, "नकाराचा कागद कुठाय?" आई रडवेली होऊन म्हणाली, "ताई, तोंडी सांगतलं होतं नं!" लेकरू दिवाळीपर्यंत घरी बसलं.

त्याच दिवशी अर्ज दिला असता तर? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. शहरात महापालिका, ग्रामीण भागात जिल्हा परिषद. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. पण हे तीन महिने तुमचा अर्ज पोचल्यावर मोजले जातात, मनातल्या मनात नाही. मी दोन प्रती नेते, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. शिपाई "ठेवून जा, होते" म्हणाला तरी थांबते. घाई आहे म्हणून पोच न घेणाऱ्यांना मी पुन्हा रांगेत पाठवते.

हा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. चौदा ओलांडलेल्या मुलासाठी त्याचाच आधार घेऊन बसू नका. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षण १८ पर्यंत आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्के कमी लागले, की लोक दुसऱ्या दवाखान्यात नव्यानं अर्ज करतात. तसं करू नका. याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये अपिलाची सोय आहे, मुदत राज्याच्या नियमांनी ठरते. कागद हाती पडला त्याच दिवशी अपील कुणाकडे, किती दिवसांत, हे लेखी विचारा. एजंटकडे तर फिरकूच नका, खोट्या कागदावर लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दहावीच्या परीक्षेतल्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. शाळेनं तो खरंच पाठवला का, हे जावक क्रमांक मागून बघा.

कागद देत नसतील तर माहिती अधिकार वापरा. उत्तर ३० दिवसांत, ते आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहणारे मी रडताना पाहिलेत.

आणि पत्राचं पाकीट फेकू नका. मी आलेल्या दिवसाची तारीख पाकिटावरच पेनानं लिहिते आणि शेवटचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल करते, त्याच्या आठ दिवस आधी पुन्हा एक खूण.