क्रोमियमसाठी माती काढताना स्टीलचा डाव नको
परसातली माती क्रोमियमच्या तपासणीला द्यायची, तर ती स्टीलच्या डावाने किंवा चकचकीत खुरप्याने काढू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतंच, आणि आपला जांभा खरवडताना त्याचा कीस नमुन्यात उतरू शकतो. बांबूची जाड कामटी घ्या. पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोलीपर्यंतची माती आठ-दहा जागांवरून काढा, प्लास्टिकच्या घमेल्यात कालवा आणि त्यातली अर्धा किलो कोऱ्या पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी नकोच!

नेहमीच्या माती तपासणीत क्रोमियम नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. ‘एकूण’ आणि ‘हेक्साव्हॅलंट’ (क्रोमियमचं विषारी, षट्संयुजी रूप) असे दोन आकडे मागा. कणकवलीकडे जानवली-वागद्याच्या खडकातच क्रोमाईट, म्हणजे क्रोमियमचं खनिज आहे; तिथे एकूण आकडा मोठा आला म्हणून लगेच घाबरू नये, खडकातलं क्रोमियम बहुतेक त्रिसंयुजी, म्हणजे कमी घातक रूपातलं, जागचं न हलणारं. हेक्साव्हॅलंट मात्र पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरतं, आणि पाणी उकळून ते जात नाही. कारखान्याच्या नाल्याकाठी वाडी असेल, तर विहिरीचं पाणीही तपासा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे.