नवीन शैक्षणिक धोरण कॉलेजात राबवताय? या चुका टाळा

आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये 'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था' हा शब्द दर पंधरा मिनिटांनी येतो, आणि ऐकणाऱ्यांत निम्मे सीएचबीवाले, तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य. धोरण २०२० चं, आपल्याकडे महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांत लागू झालं २०२४-२५ पासून, आणि पहिली चूक तेव्हाच झाली. ओपन इलेक्टिव्हचे, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या निवडीच्या विषयांचे, आठ-दहा पर्याय प्रॉस्पेक्टसमध्ये छापले, शिकवायला माणूसच नाही. आमच्याकडे फिजिक्सच्या पोरीला हवं होतं फोटोग्राफी, मिळालं आर्थिक साक्षरता, कारण इतिहासाच्या मॅडमचे तेवढे तास मोकळे होते! आधी माणसं मोजा, मग यादी छापा.

क्रेडिटचा, म्हणजे कोर्स पास झाल्यावर जमा होणाऱ्या श्रेयांकांचा, घोळ वेगळाच. निकाल लागला तरी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट जमा होणारी ऑनलाइन बँक) खात्यात क्रेडिट दिसत नाहीत अशी तक्रार आली की आधी नाव बघा. मार्कशीटवर आडनाव आधी, पुढे वडिलांचं, वर आईचंही, आणि आधारवर नुसतं नाव-आडनाव, बऱ्याचदा गाडी तिथंच अडते. ॲडमिशनच्या वेळीच जुळवून घ्या, मे महिन्यात खिडकीवर रांग लावून काही होत नाही. अजून एक, पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला सर्टिफिकेट मिळतं हे सगळ्यांना माहितीये, पण त्यासाठी ४० क्रेडिटच्या वर उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्सही करावा लागतो हे कुणी सांगतच नाही, पोरं तशीच निघून जातात.

संशोधनात तर पेपर मोजायची सवयच सुटत नाहीये. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२ मध्ये काढली, मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली, तरी आमचा फॉर्म अजून विचारतो 'किती पेपर?' मलाही पैसे घेऊन पेपर छापणाऱ्या जर्नलांचे मेल येतात, चार दिवसांत ॲक्सेप्टन्स, फी आधी भरा. अशा पेपरला मार्क देणं बंद करा, एवढं तरी कॉलेजच्या हातात आहे.

आणि एमएच्या पोरांचं ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. ४ क्रेडिट, म्हणजे चांगले १२० तास. तालुक्याच्या गावात कंपनी कुठून आणायची? मागच्या वर्षी माझ्यापुढे जी सर्टिफिकेटं आली त्यात एक मामाच्या मेडिकलच्या लेटरहेडवर होतं, खाली मामाचीच सही. मी पण सही ठोकली, काय करणार.